पावलेली आणि पावणारी

बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षात बसून ‘आयसी’ एवढंच म्हटलं की पुरतं. रिक्षावाला मागे वळूनही बघत नाही, मीटर टाकतो. ही दोन अक्षरं कशाची, हा प्रश्न तिथे घर घेताना आम्हाला पडला नव्हता. पाणी किती वेळ येतं, हा पडला होता. माझे पपा मात्र नातीला बघायला नगरहून आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळचा फेरफटका मारून परतले ते दारातच थांबून म्हणाले, “इमॅक्युलेट कन्सेप्शन! पोरी, अख्खी कॉलनीच आपण मानत नाही त्या गोष्टीच्या नावावर आहे की.”

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “आपण म्हणजे कोण, व्याहीबुवा?”

तिथून जे सुरू झालं ते तीन दिवस चाललं.

मी नगरची, प्रॉटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरात काम सुरू केलं, त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळीत आमच्या चार पिढ्या गेल्या; आजोबा पाळक होते. 1970 साली आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलो, पण पपांच्या लेखी आम्ही अजून मिशनवालेच. सासर वसईचं, कॅथलिक, पोर्तुगीज काळापासूनचं. सासूबाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणं त्यांनी सोडलेलं नाही. पपा मराठीचे प्राध्यापक होते. दोघांनाही खडू हातात नसला तरी तो आहे असं समजूनच बोलायची सवय. मध्ये पाळणा, आणि पाळण्यात माझी पाच आठवड्यांची मुलगी, जिचा बाप्तिस्मा त्याच रविवारी व्हायचा होता. 8 डिसेंबरचा ह्याच नावाचा सण तीन दिवसांवर आला होता आणि चर्चमध्ये त्याची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू होती.

पहिली चूक मीच केली. वातावरण निवळावं म्हणून म्हटलं, “पपा, कुमारीच्या पोटी येशूचा जन्म झाला, हे आपणही मानतोच ना? मग भांडण कशाचं?”

“ते नव्हे!” दोघं एकाच वेळी माझ्यावर ओरडले. तीन दिवसांत त्यांचं पूर्ण एकमत झालं ते तेवढंच.

मग सासूबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, आठवीच्या वर्गाला सांगतात तसं. निष्कलंक गर्भसंभव हा येशूचा नव्हे, मरियेचा. ती तिच्या आईच्या, संत ॲनाच्या पोटात राहिली तो क्षण. तिला आईबाप होते, ती चारचौघांसारखीच जन्मली, त्यात चमत्कार नाही. फक्त आदामापासून प्रत्येक माणसाला जन्मतःच लागतं ते मूळपाप तिला पहिल्या क्षणापासून लागलं नाही. देवाने लागू दिलं नाही. “म्हणून तर सण 8 डिसेंबरला. त्याला नऊ महिने मिळवा.” मी बोटं मोजली. 8 सप्टेंबर. वांद्र्याची जत्रा! माउंट मेरीचा तो जन्मदिवसाचा सण मी लहानपणापासून ऐकून होते, पण हा हिशेब कधी कुणी करून दाखवला नव्हता.

“आणि त्यापुढे,” सासूबाई म्हणाल्या, “आयुष्यभर तिने स्वतः होऊनही एकही पाप केलं नाही. लहानसंसुद्धा. हे दोन वेगळे मुद्दे आहेत, दोन्ही लक्षात ठेव.”

“लक्षात ठेवायला हरकत नाही,” पपा म्हणाले. “लिहिलंय कुठे, तेवढं सांगा.”

*

पपांनी येताना आजोबांचा ग्रीक शब्दकोश आणला नव्हता, पण तो त्यांना पाठ असावा. त्यांचं म्हणणं, हा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात गब्रिएल दूत मरियेला नावाने हाक मारत नाही, एका विशेषणाने मारतो: ‘केखारितोमेने’. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने त्याचं लॅटिन केलं ‘ग्रात्सिया प्लेना’, म्हणजे कृपेने भरलेली. कॅथलिकांची मराठी प्रार्थना तिथूनच ‘कृपापूर्ण’ म्हणते. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात मात्र ती ‘कृपा पावलेली’ आहे.

“मूळ शब्दात ‘भरलेली’ कुठेच नाही,” पपा म्हणाले. “ते क्रियापद आहे, कर्मणी, भूतकाळी धातुसाधित. जिच्यावर कृपा केली गेली आहे ती. लूकला ‘कृपेने पूर्ण’ म्हणता येत नव्हतं असं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत त्याने तसं म्हटलंय, सहाव्या अध्यायात. कुणाला? स्तेफनाला. मग स्तेफनही निष्पाप का? आणि ते मरियेचं क्रियापद पौलाने इफिसकरांना लिहिताना तुम्हाआम्हा सगळ्यांसाठी वापरलंय.”

मला वाटलं, आता सासूबाई गप्प होणार. त्या शेंगा सोलत होत्या, सोलत राहिल्या.

“लूथरला तर तो शब्द ऐकून हसू यायचं,” पपांना जोर आला. “1530 मध्ये भाषांतरावर त्याने एक खुलं पत्र लिहिलंय. म्हणतो, ‘कृपेने भरलेली’ असं म्हटलं तर साध्या जर्मन माणसाला काय आठवेल? बिअरने भरलेलं पिंप, नाहीतर पैशाने भरलेली थैली!”

आमच्या घरात चार पिढ्यांत कुणी बिअरला हात लावलेला नाही. पण लूथरची बिअर पपांना चालते.

“बरोबर आहे त्याचं,” सासूबाई म्हणाल्या. “भाषांतर म्हणून तुमचं मराठी जास्त जवळचं असेल. त्या शब्दाच्या व्याकरणातून 8 डिसेंबर निघत नाही, हे आम्हालाही कळतं. पण व्याहीबुवा, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. ‘कृपा पावलेली’ म्हटलंत. कधी पावली? दूत दारात आल्यावर? तो तर आत येतायेताच तिला तशी हाक मारतोय. म्हणजे तो यायच्या आधीच तिच्यावर कृपा झालेली आहे. किती आधी? एक दिवस? एक वर्ष? व्याकरण सांगत नाही ना? मग तुम्ही सुरुवात दाखवू शकत नाही, आम्हीही त्या शब्दातून दाखवू शकत नाही. चर्चने ती दुसरीकडून शोधली.”

“दुसरीकडून म्हणजे परंपरेतून.”

“म्हणजे प्रार्थनेतून. लोक गुडघ्यावर बसून काय म्हणत होते, त्यातून.”

इथे मला मध्ये बोलावंसं वाटलं, कारण ‘पावणे’ या आपल्या क्रियापदाने माझं डोकं धरलं होतं. मराठीत कृपा पावतात ती माणसं, आणि नवसाला पावते ती देवी. एकच धातू, घेणाराही पावतो आणि देणाराही. वांद्र्याला कोळी-आगरी बायका ‘मोत माउली’ला मेणाचे हात, पाय, बाळं वाहतात, आणि ‘ती पावते’ म्हणतात. पपांच्या पवित्र शास्त्रात ती पावलेली आहे. माझ्या दोन घरांमधलं अंतर नेमकं ह्या दोन रूपांइतकं आहे.

मी हे बोलून दाखवल्यावर पपा खूश झाले. “अगदी! ती घेणारी आहे. तुम्ही तिला देणारी करून टाकलीत.”

“पावलेली आहे म्हणून पावते,” सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं. “नाही, धर्मशिक्षणाच्या वर्गात मी असं चालू देणार नाही. देतो देव. ती आपल्यासाठी विनंती करते. प्रार्थनेच्या दुसऱ्या भागात आम्ही तेवढंच मागतो तिच्याकडे, आम्हा पाप्यांसाठी तू विनंती कर. पण वांद्र्याच्या पायऱ्यांवर मेणाचं बाळ घेऊन उभ्या असलेल्या बाईला मी हे समजवायला जाणार नाही. तुम्ही जाल?”

पपा काही बोलले नाहीत. माझ्या वेळी दिवस जात नव्हते तेव्हा आईने एकदा त्या पायऱ्या चढल्या होत्या, नगरच्या पाळकाच्या सुनेने. हे पपांना माहीत आहे. त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

*

दुसऱ्या दिवशी बाळाला लस टोचून आणली. संध्याकाळी ती रडून झोपली आणि पपांनी हळू आवाजात पुढचा मोर्चा उघडला.

“रोमकरांस पत्र, तिसरा अध्याय. सर्वांनी पाप केलंय. सर्वांनी. आणि मरीया स्वतः तिच्या स्तोत्रात देवाला आपला तारणारा म्हणते. बुडत नसलेल्याला तारणारा कशाला लागतो? आणखी, ती बाळंतपणानंतर शुद्धीकरणासाठी मंदिरात गेली, गरिबाचं दान घेऊन, पारव्याची जोडी. शुद्धीकरण कुणाचं? अशुद्धाचं.”

शुद्धीकरणाचं माझ्या जिव्हारी लागलं. माझा सव्वा महिना नुकताच संपत होता. लेवीयच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाला तर चाळीस दिवस आहेत आणि मुलगी झाली तर ऐंशी. मुलगी पाळण्यात असताना तो अध्याय वाचू नये. सासूबाईंनी तो मुद्दा एका वाक्यात निकालात काढला: “सोयर पाळणं म्हणजे पाप असणं नव्हे, येशूनेही योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, त्याला काय धुवायचं होतं?” पण तारणाऱ्याच्या मुद्द्यावर त्या थांबल्या. “हा खरा प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या. “हा आमच्यातल्या मोठमोठ्यांना पडला होता.”

तो कुणाकुणाला पडला, ते पपांना त्यांच्याहून जास्त माहीत होतं आणि ते त्यांनी आनंदाने सांगितलं. बाराव्या शतकातला क्लेअरव्हॉचा बर्नार्ड, मरियेचा एवढा भक्त की त्याच्याइतकं तिच्यावर फार कुणी लिहिलं नसेल. त्याने 1140 च्या सुमारास लियाँच्या धर्मगुरूंना खरमरीत पत्र लिहिलं की हा नवा सण तुम्ही कुणाला विचारून सुरू केला? तिच्या गर्भधारणेचा सण करायचा तर मग तिच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या गर्भधारणेचेही सण करा, थांबणार कुठे? आणि तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस, कॅथलिक धर्मशास्त्राचा कळसच म्हणा. तो म्हणाला, मरियेला मूळपाप कधी लागलंच नसतं तर तिला ख्रिस्ताच्या तारणाची गरज उरली नसती, आणि मग ख्रिस्त सगळ्यांचा तारणारा राहिला नसता.

“तुमचा संत, विहीणबाई. माझा मुद्दा.”

“संत चुकतात,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “थॉमस म्हणतो की पाप लागलं, पण जन्माआधी आईच्या पोटातच धुतलं गेलं, आणि नंतर तिने एकही पाप केलं नाही. म्हणजे भांडण किती दिवसांचं? गर्भ राहिल्यापासून जन्मेपर्यंतचं. त्याला उत्तर दिलं एका फ्रान्सिस्कनाने, दन्स स्कोटसने. 1308 मध्ये कलोनला वारला, चाळिशीच्या आसपास. त्याच्या अनुयायांना पुढे लोक इतके हसले की इंग्रजीत ठोंब्याला ‘डन्स’ म्हणतात तो शब्द त्याच्या नावावरून आला. काय म्हणाला तो? म्हणाला, तारण दोन तऱ्हांनी होतं. पडलेल्याला बाहेर काढून, किंवा पडायच्या आधीच धरून. दुसऱ्या तऱ्हेने वाचलेल्याला तारणाऱ्याची गरज नव्हती, असं नाही. त्याच्यावर उपकार जास्त आहेत.”

मग त्यांनी पाळण्याकडे हात केला. “हिला आज लस टोचली. उद्या हिला तो आजार झाला नाही तर डॉक्टरचं काही देणं लागत नाही असं म्हणाल का?”

मला हे पटलं, मी लपवत नाही. लहानपणापासून मी ऐकत आले की कॅथलिक मरियेला देवी करतात, तिला तारणाऱ्याची गरज नाही असं म्हणतात. ते तसं म्हणत नाहीत. पोपने 1854 च्या ज्या फर्मानाने ही शिकवण कॅथलिकांना बंधनकारक केली, त्यात स्पष्ट आहे की तिला हे मिळालं ते येशूच्या पुण्याईच्या बळावर, जो अजून जन्मलाच नव्हता. तिच्या स्वतःच्या नावावर पैचीही जमा नाही. पोटातल्या गर्भाने काय कमावलेलं असणार? आम्हाला प्रॉटेस्टंट उपासनेत दर रविवारी शिकवतात की तारण केवळ कृपेने, कर्माने नाही. तर मग कर्म करायच्या आधीच, श्वास घ्यायच्याही आधी जिच्यावर कृपा झाली, तिच्यापेक्षा ह्या शिकवणुकीचं मोठं उदाहरण कोणतं? लूथरने 1521 मध्ये मरियेच्या स्तोत्रावर जे लिहिलं, त्यात हेच तर पुन्हापुन्हा सांगितलंय: ती काही नव्हती, देवाने तिच्याकडे बघितलं.

मी हे म्हटल्यावर पपांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हाताखालची विद्यार्थिनी आहे आणि कॉपी करताना सापडले आहे.

“लस!” ते म्हणाले. “छान. मग एकीलाच का टोचली? देवाकडे लस होती, आधीच देता येत होती, पुढे होणाऱ्या क्रुसाच्या खात्यावर उधारीने देता येत होती, तर बाकीच्या लेकरांना का सोडलं? हिला का सोडलं?” बोट पाळण्याकडेच. “येत्या रविवारी तुम्ही हिच्या डोक्यावर पाणी घालणार ते मूळपाप धुवायला. पाच आठवड्यांच्या जिवाला मूळपाप, आणि एका बाईला सवलत.”

खोलीत कुणी बोललं नाही. बाळ झोपेत चोखण्याचा आवाज करत होतं.

“हिच्याकडे बघून मलाही तो प्रश्न पडतो,” सासूबाई म्हणाल्या. “उत्तर शिकवते मी मुलांना. तिच्या पोटी तो यायचा होता म्हणून. देवाने घर आधी स्वच्छ केलं. पण तुम्ही विचारताय ते त्याहून खोल आहे. देव एकाला आधी का देतो आणि दुसऱ्याला नंतर का, ह्याला उत्तर मरियेच्या बाबतीत नाही आणि कुणाच्याच बाबतीत नाही. अब्राहामालाच का बोलावलं, शेजाऱ्याला का नाही? ते तुम्ही मुकाट मानता.”

“ते लिहिलेलं आहे म्हणून मानतो.”

आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर आली.

*

मधल्या पाचशे वर्षांचा इतिहास दोघांनी जेवताना सांगितला, एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेत. मला त्यातला आवडला तो चक्रमपणा. फ्रान्सिस्कन बाजूने, डॉमिनिकन विरुद्ध. दोन्ही संघ विद्यापीठांत आणि व्यासपीठांवर एकमेकांना पाखंडी म्हणायचे. पोप चौथा सिक्स्टस स्वतः फ्रान्सिस्कन, तरी त्याने 1483 मध्ये बजावलं की दुसऱ्या बाजूला जो कोणी पाखंडी म्हणेल त्याला बहिष्कृत करू. त्याने थांबतंय कोण? स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात डॉमिनिकन मठात एका साध्या शिंप्याला मरिया दर्शन देऊ लागली आणि म्हणू लागली की मला मूळपाप लागलं होतं, डॉमिनिकनांचंच खरं. चौकशीत बनाव ठरला आणि 1509 मध्ये मठातल्या चौघांना जिवंत जाळलं. ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये मूळपापाचा ठराव करताना मरियेला त्यातून बाजूला ठेवलं, पण निष्कलंक गर्भसंभव असं नाव घेऊन शिक्का मारायचं टाळलं. पुढच्या वर्षी एवढं म्हटलं की खास वरदान असल्याशिवाय कुणी आयुष्यभर निष्पाप राहू शकत नाही, आणि मरियेला ते होतं असं चर्च मानतं.

मग स्पेन आणि पोर्तुगालने हा विषय राष्ट्रीय करून टाकला. निळा पदर, पांढरा झगा, पायाखाली चंद्रकोर हे जे चित्र वसईच्या घराघरांत आहे, सासूबाईंच्या पलंगाच्या वरही आहे, ते सतराव्या शतकातल्या सेव्हिलचं, मुरिलोच्या कुंचल्यातून जगभर गेलेलं. पोर्तुगालच्या चौथ्या जुआँव राजाने 1646 मध्ये देश ह्याच नावाच्या मरियेला वाहिला आणि मुकुट तिच्या मूर्तीवर ठेवला. त्यानंतर पोर्तुगालच्या राजांनी मुकुट घातला नाही.

“पणजीचं ते चर्च,” सासूबाई म्हणाल्या, “तो पांढरा जिना असलेलं, सिनेमात असतं ते. 1541 चं मूळ, 1619 मध्ये पुन्हा बांधलं. नाव काय त्याचं? हेच. इथल्या मंडपेश्वरावर फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकात चर्च बांधलं, तेही ह्याच नावाचं. त्यावरून तुमच्या ह्या कॉलनीचं नाव. रोमने हुकूम काढला 1854 ला. त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून इथले लोक 8 डिसेंबरला मेणबत्त्या लावतायत. पोपने नवीन काही लादलं नाही, व्याहीबुवा. आधीच चालू होतं त्यावर सही केली.”

मंडपेश्वरची लेणी घरापासून चालत दहा मिनिटांवर आहेत. खाली शंकराचं स्थान, वर पोर्तुगीज भिंतींचे अवशेष. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचं देऊळ कसं आलं, ती गोष्ट काही कृपेची नाही. सासूबाईंना ते ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही, मीही केला नाही. इथे करते आहे.

“लोक मेणबत्त्या लावतात म्हणून एखादी गोष्ट खरी होते का?” पपा म्हणाले. “सुरुवातीच्या शतकांत तर कुणी लावत नव्हतं. ओरिजेन म्हणतो, शिमोनाने सांगितलेली तलवार मरियेच्या जिवात गेली ती शंकेची. क्रिसोस्टोम म्हणतो, मुलगा बोलत असताना ती बाहेर येऊन त्याला बोलावते, त्यात मिरवण्याची हौस होती. हे चर्चचे पितर आहेत, माझ्या नगरचे पाळक नव्हेत.”

“ऑगस्टीन?” सासूबाईंनी विचारलं.

पपांनी मान डोलावली. 415 साली ऑगस्टीनने लिहिलंय की सगळे पापी, पण प्रभूच्या मानाखातर मरियेबद्दल मी पापाचा प्रश्नच काढू इच्छित नाही. “काढू इच्छित नाही म्हणजे नव्हतं असं नव्हे,” पपा म्हणाले. पण तेवढं जोरात नाही.

*

माझं मत विचारलं कुणी नव्हतं. तरी सांगते, कारण तीन दिवस दोघांच्या ताटात वाढत होते.

शिकवण म्हणून मला ती सुंदर वाटते. पपा म्हणतात तितकी ती पवित्र शास्त्राच्या विरुद्ध नाही, आणि सासूबाई म्हणतात तितकी ती त्यातून उगवलेलीही नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मरियेला ‘पानागिया’, सर्वपवित्र, म्हणतात, तिच्या गर्भधारणेचा सण 9 डिसेंबरला करतात, आणि तरी 1854 चं फर्मान मानत नाहीत; आदामाचा दोष बाळाला वारशाने मिळतो हेच त्यांना मान्य नसल्याने तो टाळण्याचा प्रश्न त्यांना पडत नाही. मुसलमानांत हदीस आहे की प्रत्येक जन्मणाऱ्या मुलाला सैतान स्पर्श करतो, म्हणून ते रडतं. मरियम आणि तिचा मुलगा तेवढे सुटले. म्हणजे ह्या मुलीला काहीतरी लागलं नाही, असं वाटणारे फक्त रोममध्ये नव्हते.

मला अडतं ते सक्तीपाशी. 1849 मध्ये नववा पायस रोममधून पळून गाएटाला आसऱ्याला होता. तिथून त्याने जगातल्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं. 603 जणांची उत्तरं आली, 546 अनुकूल. म्हणजे जवळपास साठ बिशपांना, बिशपांना, हे नको होतं किंवा आत्ता नको होतं. ज्यावर बर्नार्ड आणि थॉमससारखे लोक मोकळेपणी ‘नाही’ म्हणू शकले, ते 8 डिसेंबर 1854 च्या सकाळनंतर कुणा कॅथलिकाला म्हणता येईना. थॉमस अक्वायनस आज जन्मला असता तर त्याला मत बदलावं लागलं असतं. मी हे बोलले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “त्याने बदललं असतं. आनंदाने. तो आज्ञाधारक होता.” त्या हे खरोखर मानतात. मला ते वाक्य ऐकून थोडी भीती वाटते.

“आणि लुर्द?” त्यांनी मला विचारलं. “फर्मानाला चार वर्षं होतायत तोच, 1858 मध्ये, बर्नादेत नावाच्या एका अडाणी पोरीला दर्शन झालं आणि बाई तिला तिच्या गावच्या बोलीत सांगते की मी निष्कलंक गर्भसंभव आहे. त्या पोरीला तो शब्दसुद्धा माहीत नव्हता. घोकत घोकत फादरकडे गेली.”

“सण गावात दरवर्षी होत असणार. कानावर पडला असेल,” पपा म्हणाले.

हा वाद पाच मिनिटांत संपला, कारण दोघांनाही माहीत होतं की बर्नादेतच्या गोष्टीने मानणारा आणखी मानतो आणि न मानणारा तसाच राहतो.

8 तारखेला सकाळी सासूबाई साडी नेसून मिस्साला गेल्या. पपा गेले नाहीत, पण बाळाला घेऊन गॅलरीत उभे राहिले आणि घंटा थांबेपर्यंत आत आले नाहीत. रविवारी बाप्तिस्म्याला मात्र पुढच्या बाकावर बसले. आमच्या मंडळीतही लहान मुलांचा बाप्तिस्मा होतोच, त्यामुळे पाण्याबद्दल तक्रार नव्हती. फादरांनी मूळपापाचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी नातीकडे बघितलं, मग वर वेदीशेजारच्या निळ्या पदराच्या मूर्तीकडे. काय मनात आलं ते मी विचारलं नाही.

सोमवारी त्यांना नगरच्या गाडीसाठी सोडायला मी रिक्षात बसले. सवयीने पपा रिक्षावाल्याशी बोलायला लागले. आयसी म्हणजे काय, माहीत आहे का? “चर्च,” तो म्हणाला. मग पुलापर्यंत पपांनी त्याला सगळं समजावलं: इमॅक्युलेट कन्सेप्शन, येशूच्या जन्माचं नव्हे हं, त्याच्या आईच्या, तिला मूळपाप लागलं नाही असं कॅथलिक लोक मानतात, तिने कमावलं म्हणून नव्हे, देवाने दिलं म्हणून, लस टोचल्यासारखं. एक शब्द चुकला नाही. शेवटी म्हणाले, “आम्ही हे मानत नाही.”

“म्हणजे ती माउंट मेरी वेगळी?” रिक्षावाल्याने विचारलं.

“नाही, तीच.”

“ती पावते,” रिक्षावाला म्हणाला.

पपांनी तोंड उघडलं. स्टेशन आलं होतं, मीटरवर चौतीस रुपये झाले होते, आणि त्यांच्याकडे सुटे नव्हते.